बेबीची गादी

बेबी, आज अकरावा दिवस. तुझी गादी अजून गच्चीवरच आहे, गुंडाळी करून दोरीनं बांधलेली. थोरल्या जाऊबाई रिसोडहून येऊन राहिल्या आहेत. त्या रोज चहा घेण्याआधी एकदा आणि चहा घेऊन झाल्यावर एकदा विचारतात, "टाकली का वं ते गादी?" मी म्हणते, टाकते. मग त्यांचं सुरू होतं. "तिसऱ्याच दिवशी नाल्यावर टाकाले पायजे होती. मानूस ज्याच्यावर गेलं ते घरात ठेवत नाई. परवा तेरवी हाय. जेवाले लोक येतीन, गादी पाह्यतीन, तं काय म्हनतीन?"

तू असतीस तर म्हणाली असतीस, "काय म्हनतीन? गादी हाय म्हनतीन."

लोक काय म्हणतील, हे या घरात आजवर मीच म्हणत आले. आता जाऊबाई म्हणतात तेव्हा मला माझंच बोलणं ऐकू येतं आणि राग येतो, त्यांचा नव्हे. गादी टाकायची की ठेवायची, बाहेरच्या माणसाला वाटेल एवढासा तर प्रश्न आहे. पण एका गादीवरूनच मी तुला दोन वर्षांपूर्वी जे बोलले ते मी कधी परत घेतलं नाही. घेऊ घेऊ म्हणत राहिले. तू काही थांबली नाहीस.

लग्न होऊन मी वाशीमला आले तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस आणि पहिल्याच आठवड्यात तू माझी पावडरची डबी संपवलीस. नणंद-भावजयीचं जे व्हायचं ते आपलंही झालं. पुढे तू मालेगावला दिली गेलीस. दिवाळीला यायचीस, पंधरा दिवस राहायचीस आणि माझ्या वांग्याच्या भाजीला नावं ठेवून जायचीस. मग तुझे यजमान गेले आणि तू कायमची आलीस. हातात एक पिशवी, आणि पिशवीत कपड्यांखाली चपडी लाखेचा डबा. नवऱ्याच्या फर्निचरच्या दुकानात मागच्या बाजूला बसून तू वीस वर्षं कारागिरांबरोबर लाकडाला पॉलिश मारलंस, आणि सासरहून तेवढंच घेऊन आलीस. चार वर्षांनी तुझा दादा गेला. पोरगी पुण्यात. घरात उरलो तू आणि मी. दोन विधवा एका छपराखाली म्हणजे गल्लीला बोलायला आयतं कोलीत, आणि आपण दोघी एकमेकींशी बोलायला विषय शोधत होतो.

विषय तू शोधलास. स्टेशनच्या रस्त्यावर रहीमभाईचं जुन्या सामानाचं दुकान. जिल्ह्याचं ठिकाण असल्यामुळे इथे साहेब लोक येतात आणि बदली झाली की जातात. जाताना सोफा, टेबल, खुर्च्या मागे ठेवतात, त्या रहीमभाईकडे येतात. उन्हाळ्यात बदल्यांचे हुकूम निघाले की तू माझ्याआधी उठून तयार. "चाल वं वैनी, साहेबलोकाइचं सामान आलं अशीन." पहिल्या दिवशी तू एक सागवानी खुर्ची पसंत केलीस, तिला पाय साडेतीन. मी तुला म्हटलं, आपल्या दोघींचे मिळून चार गुडघे दुखतात, त्यात ही कशाला आणखी. तू रहीमभाईसमोर ती खुर्ची उलटी केलीस आणि खालून बोटं फिरवत राहिलीस. म्हणालीस, "मानूस तोंडावरून पारखा, खुर्ची बुडावरून." रहीमभाई एवढा हसला की त्यानं तो तुटलेला पाय कोपऱ्यातून शोधून आणून दिला.

तेव्हापासून आपण जुनं सामान नवं करून विकायला लागलो, तू लाकडाची आणि मी कापडाची. अंगणात पोतं अंथरून तू पॉलिश पेपरनं घासत बसायचीस. सगळी धूळ तुझ्या भुवयांवर. मी ओसरीत मशीनवर खोळी शिवायचे. तू म्हणायचीस, "वैनी, तुही मशीन म्हनजे पॅसेंजर गाडी. आवाज लय, पन गाव काई येत नाई." मी म्हणायचे, तुझ्या नखांत लाख बसली आहे ती आधी काढ, मग माझ्या मशीनला बोल. ती लाख कधी निघालीच नाही. शेवटच्या दिवशी तुला आंघोळ घालताना जाऊबाईंनी तुझे हात तीनदा चोळले, मग मीच म्हटलं, राहू द्या.

लाकडाला पॉलिश फिरवायला जुना, मऊ, धुऊन धुऊन विरलेला सुती कपडाच लागतो. घरातले माझे जुने ब्लाऊज संपले तेव्हा तू सहा महिन्यांपूर्वी गेलेल्या दादाची बनियनं मागितलीस. मी कपाटात घडी घालून ठेवली होती. मी रडले, आणि चिडलेही. तू शांतपणे म्हणालीस, "वैनी, दादानं आयुष्यात एका लाकडाले हात लावला नाई. आता तरी कामाले येऊ दे." मी रडता रडता हसले आणि सगळी बनियनं तुला दिली. त्या वर्षी आपण केलेल्या प्रत्येक खुर्चीवरून तुझ्या दादाचं बनियन फिरलं. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट बरं वाटलं. हे मी पुढे का विसरले, मला अजून कळत नाही.

भांडणं तर आपली रोजचीच. ते शाळकरी पोराचं टेबल आठवतं? वर कर्कटकानं नऊचा पाढा कोरलेला, आणि नऊ सक चोपन्नच्या जागी छप्पन. मी म्हटलं, हे राहू दे गं, एवढं घासू नको, कुण्या लेकराचं आहे. तू म्हणालीस, "चुकीचा पाढा ठेवून कोनाचं भलं होनार हाय?" आणि मी दुपारी पडले तेवढ्यात सगळं साफ केलंस. मी एक दिवस अबोला धरला. मला जुनी वस्तू जुनी दिसायला हवी होती, तुला ती उद्यापासून कामाला लागायला हवी होती. गाद्या-उशांतून जे निघायचं त्यावरूनही तेच. कंगवे, पेनाची टोपणं, एसटीची तिकिटं, एकदा दुधाचा दात. मी ते ठेवून द्यायचे, तू केरात टाकायचीस. दात मात्र तू टाकला नाहीस. छपरावर भिरकावलास आणि त्या न पाहिलेल्या लेकरासाठी उंदराला दात मागितलास. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आता ती गोष्ट लिहायलाच हवी.

कॉलनीतल्या हेडमास्तरीणबाईंचे गुडघे गेले होते. त्यांना उंच बैठकीची, भक्कम हातांची खुर्ची हवी होती, आणि बैठक कापसाची. फोम दोन वर्षांत बसतो, कापूस पिंजला की पुन्हा उठतो, हे तूच त्यांना पटवलं होतंस. कापूस म्हणजे तुझा जीव. आपल्या वावरात कापूस होता तेव्हाच्या गोष्टी तू सोयाबीनकडे बघत सांगायचीस. तू रहीमभाईकडून एक गादी आणलीस, ती घरीच उसवलीस आणि आठ दिवस एकेक मूठ घेऊन बोटांनी पिंजत बसलीस. मी म्हटलं, नाक्यावर मशीन आहे, तासाभरात होतं, कशाला जीव काढतेस. तू म्हणालीस, "मले आवडते." तू खोटं कधी बोलत नव्हतीस. विचारलं तेवढंच सांगायचीस. मी विचारलं नाही.

खुर्ची छान झाली. बाईंनी बसून डोळे मिटले, मला अजून दिसतं. त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी एकटीच रहीमभाईकडे गेले, तर तो आपुलकीनं म्हणाला, "वैनी, ते गादी जमली ना? कापूस एक नंबर होता. बुढ्ढा त्याच गादीवर गेला, पन वापर काई झालाच नव्हता."

बाईंचे यजमान तेव्हा फार आजारी. आणि त्यांच्याच घरात गेला कुण्या मेलेल्याच्या अंगाखालचा कापूस, तोही आपण दिलेला. उद्या काही झालं तर? मी घरी आले नाही, तुला विचारलं नाही, तशीच तरातरा कॉलनीत गेले. दारात बाईंची सून होती, शेजारच्या दोघी होत्या, त्या सगळ्यांसमोर मी सांगून टाकलं. वर म्हणाले, मला काही माहीत नव्हतं, हे सगळं आमच्या बेबीचं. माझं अंग मी काढून घेतलं, बेबी. बाई रागावल्या नाहीत. "घरात आजारी माणूस आहे हो," एवढंच म्हणाल्या, आणि संध्याकाळच्या आत ऑटोतून खुर्ची परत आली.

तू अंगणात होतीस. ऑटोवाल्यानं खुर्ची उतरवली तेव्हाच तू समजलीस. म्हणालीस, "काहून सांगतलं?"

"काहून नाई सांगाचं? त्यायच्या घरात मानूस मराले टेकलं हाय!"

"कापसाले काय माईत, वैनी, कोन मेलं आन् कोन जितं हाय? पिंजला, ऊन दाखवलं, झाला नवा."

तुझं हे शांतपणे बोलणं माझ्या डोक्यात जायचं. मी ओरडले. भिंतीपलीकडे शेजारणी उभ्या होत्या, हे मला दिसत होतं, तरी ओरडले. "तुले काय त्याचं? तू पांढऱ्या पायाची, म्हनून तं तिथून इथं आली!"

मी बोलले हे. मी, जिचं स्वतःचं कुंकू पुसून सहा वर्षं झाली होती. ज्या शब्दाला मी स्वतः भीत होते, तोच उचलून तुझ्या तोंडावर मारला.

तू पायांकडे बघितलंस. तळपायापर्यंत लाखेचे तपकिरी डाग होते. मग त्या परत आलेल्या खुर्चीवर बसलीस. म्हणालीस, "हेच म्हनलं होतं त्याइनं मालेगावात. हे गेले त्याच दिवशी माह्या आंदनातली गादी नदीवर नेऊन टाकली. आपल्या बाबाच्या वावरातला कापूस होता त्याच्यात. मी म्हनत होती, टाकू नका, मी झोपतो तिच्यावर, मले काई होत नाई. कोनी ऐकलं नाई. आधी गादी टाकली, मंग महिन्याभरानं मले."

दहा वर्षांत तू हे कधी सांगितलं नव्हतंस. तेव्हाच मी उठून तुझा हात धरायला हवा होता. मी मशीनवर जाऊन बसले आणि काहीही कारण नसताना एक सरळ शिवण उसवत राहिले.

नऊ दिवस आपण बोललो नाही. एकमेकींचं ताट वाढलं, एकमेकींची गोळी काढून ठेवली, पण बोललो नाही. दहाव्या दिवशी तू ओसरीत येऊन म्हणालीस, "दोरा संपला का? बाजारात चालली मी." मी म्हटलं, "पांढरा आन." झालं. मला वाटलं, मिटलं. माझ्या सोयीचं होतं ते, म्हणून वाटलं. त्याच वर्षी बाईंचे यजमान गेले, शोरूममधून आणलेल्या कोऱ्या सोफ्यावर बसल्या बसल्या. मी घाबरत होते, आता तू मला टोमणा मारणार. तू तोंडातून एक शब्द काढला नाहीस. पाच दिवस तू त्यांच्याकडे भाकरी घेऊन गेलीस, आणि त्या तुझ्या गळ्यात पडून रडल्या असं त्यांच्या सुनेनं मला सांगितलं. माझ्याकडून तर साधी माफीही मागून झाली नाही. आपल्याकडे घरातल्या माणसाची माफी मागायची रीत नाही, असं मी स्वतःला समजावत होते. परक्याच्या पायाला चुकून पाय लागला तरी आपण लगेच हात लावून नमस्कार करतो.

आणि ऐक, बाईंना सांगायला पाहिजे होतं असं मला आजही वाटतं. ज्याला बसायचं त्याला ठाऊक असावं. फक्त मी आधी तुझ्याकडे यायला हवं होतं, आपण दोघींनी मिळून जायला हवं होतं. हे भांडण आपलं अजून संपलेलं नाही. तुझं उत्तर मला पाठ आहे, पण पाठ असलेल्या उत्तराशी भांडता येत नाही, हे या अकरा दिवसांत कळलं.

मागच्या सगळ्या थंडीत तू म्हणत होतीस, "वैनी, माह्यी गादी पार फरशी झाली, पिंजून आनू एकदा." बारा वर्षांची गादी. कापसाचे गोळे झालेले, मध्ये खड्डा. लोकांच्या खुर्च्या आपण मऊ करत होतो आणि तू दगडावर झोपत होतीस. मी म्हणायचे, संक्रांत होऊ दे. मग म्हणायचे, हा सोफा होऊ दे.

तो सोफा अजून पुढच्या खोलीत आहे. डावा हात तू चकाकवून ठेवला आहेस, उजवा कोरडा. ज्या नर्स पोरीसाठी तो करत होतो तिचा फोन आला होता, म्हणाली, काकू, घाई नाही, कसाही चालेल. परवा मी तुझा लाखेचा डबा उघडला. स्पिरिटचा वास आला आणि मला वाटलं, तू मागे उभी आहेस. मी कपडा बुडवून उजव्या हातावर फिरवला. तू फिरवायचीस तसाच, गोल गोल. कपडा चिकटला, धागे बसले, सगळं लाकूड चट्ट्याचट्ट्यांचं झालं. आठ वर्षं समोर बसून बघितलं आणि एवढंही उचललं नाही मी. पालथ्या घड्यावर पाणी, म्हणाली असतीस. मग म्हटलं, निदान बैठकीचं कापड तरी लावू. तर ते ताणायला दोन माणसं लागतात. एकानं दोन्ही मुठींनी ओढून धरायचं, दुसऱ्यानं खिळे मारायचे. मी गुडघ्यानं दाबून पाहिलं, दातांत धरून पाहिलं. एक खिळा मारला की दुसरीकडून ढिलं होतं. जाऊबाई आत पोथी वाचत होत्या. त्यांना हाक मारावीशी वाटली नाही. मी सोफ्याजवळ खाली बसले आणि जोरात रडले, पहिल्यांदाच. जाळताना नव्हतं आलं रडू. जाऊबाई बाहेर आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ते गादी घरात हाय म्हनूनच हे असं होऊन राह्यलं."

पोरगी रोज फोन करते. तीन दिवस राहून गेली बिचारी. म्हणते, "आई, सगळं आवरून इकडेच ये." मी बरं म्हणते. तिच्या घरी सगळं फर्निचर भिंतीत बसवलेलं आहे. उलटं करून बघायची सोयच नाही.

इथवर सकाळी लिहिलं होतं. आता चार वाजून गेलेत, आणि मधल्या वेळात जे झालं ते तुला सांगते.

अकराच्या सुमारास मी गच्चीवर गेले, गादी खांद्यावर घेतली आणि जिना उतरले. जाऊबाई खाली उभ्या. त्यांना वाटलं, निघाली एकदाची नाल्यावर. म्हणाल्या, "मी येऊ का सोबत?"

"नाल्यावर नाई चालली. पिंजाले चालली नाक्यावर."

त्यांचा चेहरा बघायला तू हवी होतीस. "पिंजून? आन् कोनाच्या अंगाखाली टाकशीन?"

"माह्या."

"येडी झाली का वं तू? लोक..." म्हणाल्या, आणि थांबल्या. बहुतेक माझा चेहरा बघून थांबल्या. मी ऑटो बोलावला.

ऑटोत गादी माझ्या मांडीवर होती. तिला तुझ्या केसांच्या तेलाचा वास आहे. मी एका बाजूनं तिच्यावर गाल टेकला. ऑटोवाला आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं.

नाक्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मशीनवर एक बाई होती, तोंडाला पदर बांधलेली, भुवया कापसानं पांढऱ्या झालेल्या. आणखी तीन बाया गाद्या टाचत बसलेल्या. मालक बाहेर गेला होता. मी गादी खाली ठेवली तर ती म्हणाली, "काकू, कोनाची हाय?"

मला आधी समजलं नाही. ती म्हणाली, "राग मानू नका. विचारा लागते. लोक मेलेल्याची आनतेत, सांगत नाईत. मंग आमच्यातल्या बाया हात लावत नाईत."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आठ दिवस एकेक मूठ घेऊन तू बोटांनी का पिंजत बसली होतीस ते. इथे विचारतात. आणि विचारलं की तुला खरं सांगावं लागलं असतं.

नवी करायला आणली आहे, माझीच आहे, असं म्हणून मी मोकळी झाले असते. पण मी म्हटलं, "माह्या नंदेची. अकरा दिवस झाले जाऊन. याच गादीवर गेली."

टाचणाऱ्या तिघींचे हात थांबले. एकीनं सुई खाली ठेवली. मशीनवालीनं मला वरून खालपर्यंत बघितलं. "आन् झोपनार कोन हिच्यावर?"

"मी."

"सासूबाई नाई म्हनत नाईत काई?"

"सासू नाई. जाऊ हाय. म्हनते."

ती हसली, पदराआडून. मग बाकीच्यांकडे बघून म्हणाली, "तुमी नका लावू हात. मीच टाचतो." आणि तिनं विळ्यानं गादीची शिवण उसवली. आतून तुझा कापूस निघाला, पिवळट, गोळे गोळे झालेला. तिनं तो मुठीमुठीनं मशीनमध्ये सोडायला सुरुवात केली. मशीनचा आवाज केवढा. शेडभर कापूस उडायला लागला, माझ्या डोक्यावर, पापण्यांवर, तोंडात. त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून मी तोंड उघडलं आणि मोठ्यानं म्हटलं, बेबी, माझं चुकलं.

तिनं खटकन मशीन बंद केलं. "काय म्हन्लं काकू?"

चौघीही माझ्याकडे बघत होत्या. काही नाही म्हणणं माझ्या ओठावर आलं होतं. पण तुला बोलले तेव्हा मशीन चालू नव्हतं. तेव्हा सगळी गल्ली ऐकत होती, आणि मला ते ठाऊक होतं.

"मी माह्या नंदेले पांढऱ्या पायाची म्हनली होती," मी म्हटलं. "चार लोकाइच्या देखत. ते माह्यं चुकलं. जिती होती तेव्हा म्हनाले पायजे होतं, नाई म्हनलं. आता म्हनून राह्यली."

टाचणाऱ्यांपैकी सगळ्यात तरुण होती ती, कपाळ मोकळं असलेली, ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "आता म्हनून काय उपयोग, काकू?"

टोचून नाही म्हणाली. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. माहीत नाही, अशी मी मान हलवली. ती उठली, मशीनजवळ आली आणि तुझ्या कापसाची एक मूठ उचलून तिनं आपल्या हातानं आत सोडली.

गादी उद्या दुपारी मिळेल. जाऊबाई आता बोलत नाहीत माझ्याशी, तेरवीचे तांदूळ निवडत बसल्या आहेत. तुझी खोली मी झाडून घेतली आहे. आजच्या दिवस तिथे चटई टाकून पडेन.